झटक्याची जागा

झटका यायच्या आधी नूतनला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होई, आणि मग एकदम समोर माणसांचे घाबरलेले चेहरे. मधलं सगळं तिला तिचा नवरा हेमराज सांगे. तोंड चघळल्यासारखं हलत होतं, पदर चाचपत होतीस, हाकेला ओ नव्हती.

सुरतच्या भेस्तान भागातल्या त्यांच्या खोलीत अशाच एका झटक्यात कडेवरची चैताली तिच्या हातून सुटली. पोरीच्या कपाळाला टाके पडले. तेव्हापासून लेक बारडोलीला, नूतनच्या आईकडे, भागीरथीबाईंकडे वाढत होती. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, पण झटके थांबले नाहीत.

शेवटी सुरतचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत एकाच जागेवरून झटका उठत असेल, तर तेवढा भाग काढता येतो. आधी ती जागा सापडली पाहिजे."

हेमराजने कापडाच्या लूमवर रजा टाकली आणि तिला मुंबईला एमआरआयला नेलं. त्या नळीत, कानठळ्या बसवणाऱ्या ठकठकीत, ती जराही न हलता पडून राहिली. सापडू दे, एवढंच मनात घोकत होती.

परत आल्यावर सुरतच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "लहानपणी तापात मोठा झटका आला होता ना? हा डावीकडचा भाग तेव्हापासून सुकलाय."

नूतनला हसूच फुटलं. "मग काढून टाका ना!"

डॉक्टरांनी बोट दुसरीकडे नेलं. "उजवीकडेही तसंच आहे, नूतनबेन. ईईजीत, मेंदूच्या आलेखातही, झटके दोन्हीकडून उठताना दिसले. एक भाग काढला तरी झटके राहतील. आणि आठवण ठेवायचं काम याच भागांचं असतं. एक काढला, दुसरा आधीच अधू. मग नवं काही लक्षात राहणार नाही. मुंबईचे सर्जनही नको म्हणाले."

"लेक काय बोलली, तेही?"

"तेही."

बाहेर आल्यावर हेमराज तणतणला. "आपन मद्रासले दखाडू!"

"मले बारडोलीले ली चला," नूतन म्हणाली.

अंगणात चैताली खेळत होती. दोघांना पाहताच ती आजीकडे पळाली. "माय, माय!"

"मी नही वं, तुनी माय ती शे," भागीरथीबाई ओशाळून म्हणाल्या.

"राहू दे. तुलेच म्हनू दे," नूतन म्हणाली. "तिले इथलीच बालवाडीत टाक."

ऑपरेशन होणार नाही हे समजून आईने पदर तोंडाला लावला. नूतन जमिनीवर बसली, भिंतीला नीट टेकली आणि मगच तिने हात पुढे केले. बऱ्याच वेळाने पोर येऊन मांडीत बसली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

परतीच्या बसमध्ये हेमराजला रडू आवरेना. नूतनने त्याचा हात धरून ठेवला. पुढच्या रविवारी चैतालीला फ्रॉक न्यायचा, एवढंच ती म्हणाली.