प्रसादाचं खत

दुष्काळाच्या त्या साली तलवाड्यात सप्ताह झाला. काल्याच्या पंगतीत उरून विटलेलं अन्न आमच्या महिला संस्थेनं खताच्या खड्ड्यासाठी मागितलं. आमच्यातलीच म्हातारी भिवराबाई खड्ड्यापुढं आडवी उभी राहिली.

"प्रसाद हाय तो. कुजवता कावून?"

"मग उकिरड्यावर कुत्र्यापुढं टाकू का, मावशी?" मी चिडून विचारलं.

मग तिनंच पहिली पाटी कपाळाला लावून खड्ड्यात रिकामी केली, वर पाचट पसरलं आणि पंगतीनं हात धुतलेलं पाणी शिंपडलं.

पेरणीआधी खड्डा उघडला, तर आत काळंभोर खत. न्यायला बायांची रांग लागली. भिवराबाई खड्ड्याच्या तोंडाशीच बसली होती. तिनं कुणालाच अडवलं नाही, फक्त चपला काढायला लावल्या. सगळ्यात आधी माझ्या.