ब्लीचिंग पावडरची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी ब्लीचिंग पावडर आहे. एका लॉजच्या जिन्याखाली, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी, निळ्या पिंपात माझा मुक्काम असतो. मला पाहून जंतूंचे धाबे दणाणते, अशी माझी ख्याती आहे. पण खरे सांगू का? या इमारतीत माझ्याइतके भित्रे दुसरे कोणी नसेल. आणि मी भिते ती माझ्याच पोटातल्या एका गोष्टीला.

माझा जन्म कारखान्यातला. चुनखडी भट्टीत भाजून तिचा चुना केला, पाणी शिंपडून तो विरवला, आणि त्या कोरड्या पिठीवर क्लोरीन सोडला. क्लोरीन म्हणजे हिरवट पिवळा, जड, घशाला चावणारा वायू. तिथले कामगार तोंडाला मुखवटे बांधून वावरत आणि नळीला जरा कुठे फट दिसली की लांब पळत. त्यांचे डोळे पाहूनच मी समजले, की आपल्या आत कोण येऊन बसले आहे. चुन्याने त्याला धरून ठेवले, म्हणून मी झाले.

ती पकड मात्र सैल आहे. झाकण उघडे राहिले की दमट हवा आत शिरते, क्लोरीन हळूहळू निसटतो आणि मी अगदीच दुबळी होऊन बसते. पण पकड शाबूत असली तर माझ्यासारखी कामाची मीच! मला पाण्यात कालवून निवळू दिले आणि वरचे पाणी थोडेसेच टाकीत घातले, की टाकीतले जंतू मरतात. पांढऱ्या चादरींवरचे चहाचे डाग मी काढते, मोरीतली बुरशी काढते. रंगीत कापड तेवढे माझ्या हाती देऊ नका. मॅनेजरसाहेबांनी एकदा हौसेने आपली निळी पँट माझ्यात भिजवली होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर इतके पांढरे ढग होते, की साहेब ती पुन्हा कधी घालून आले नाहीत.

लॉजची साफसफाई दोघी जणी करत, एक नणंद आणि तिची भावजय. नणंदेचा सगळा भरवसा माझ्यावर, तर भावजयीचा ॲसिडवर. ॲसिडची बाटली माझ्या डोक्यावरच्याच फळीवर असायची. ॲसिड माझ्यावर पडले की चुन्याची पकड सुटते आणि आतला वायू एकदम मोकळा होतो, हे मला ठाऊक होते. त्या दोघींना नव्हते. फळी जराशी हलली तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

एकदा कोपऱ्यातल्या बाथरूमच्या पिवळ्या डागांवरून दोघींची जुंपली.

"तुमच्या पावडरीनं नुसता वास येतो वन्सं, डाग ढिम्म हलत नाही," भावजय म्हणाली.

"आणि तुझ्या ॲसिडनं फरशीची साल निघते त्याचं काय? मला शिकवू नकोस," नणंद फणकारली.

मॅनेजरसाहेब तिथेच उभे होते. ते खो खो हसले, आणि ते हसणे नणंदेला झोंबले. त्या दिवसापासून दोघींनी अबोला धरला. कामे चालूच होती, पण एकीने कुठे काय केले ते दुसरीला कळेनासे झाले.

अशाच एका दुपारी नणंदेने त्या बाथरूमची फरशी ओली केली आणि मला जाडसर पसरले. आज डाग घालवून दाखवायचेच, असा तिचा हट्ट होता. जरा मुरू दे म्हणून दार लोटून ती गच्चीवर चादरी वाळत घालायला गेली. थोड्याच वेळात भावजय आली. फरशीवरचा पांढरा थर पाहून ती नाक मुरडत पुटपुटली, "डाग बसलेत तसेच. आता माझं ॲसिड बघा म्हणावं." वास पाहुण्यांच्या खोल्यांत जाऊ नये म्हणून तिने दाराला आतून कडी घातली. मग बाटलीचे बूच काढले.

मित्रांनो, त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली. त्या बाथरूमला खिडकी नव्हती. वर एक जाळी होती, तीही कोळिष्टकांनी बुजलेली. ॲसिडची धार पडली तशी मी फसफसले. माझ्यातला तो वायू बाहेर पडला आणि जमिनीलगत पसरू लागला. भावजय ओणवी होऊन घासत होती, त्यामुळे तो थेट तिच्या नाकातोंडात गेला. ती खोकली. डोळे चोळत उठली, कडी चाचपू लागली. बादली कलंडली. कडी कशीबशी निघाली आणि ती दाराशीच कोसळली. मी फसफसतच होते. थांबणे माझ्या हातात नव्हते. आपण हिला मारणार, एवढेच मला कळत होते.

जिना उतरणाऱ्या नणंदेने बादलीचा आवाज ऐकला. नाकाशी पदर धरून तिने खांद्याने दार रेटले आणि भावजयीला बखोटीला धरून फरफटत बाहेर उघड्या व्हरांड्यात आणले.

"अगं, डोळे उघड! बोल ना!" ती तिला गदागदा हलवत होती. "शिव्या दे, भांड माझ्याशी, पण बोल गं!"

भावजयीच्या घशातून नुसती शीळ येत होती.

तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. वाचेल की नाही हे कोणी सांगेना. नणंद ओल्या लुगड्यानिशी तिथेच बसून आहे, असे मॅनेजरसाहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते. जिन्याखाली मी ते ऐकत होते. माझे झाकण कोणी उघडत नव्हते, आणि उघडूच नये असे मला वाटत होते.

भावजय परत आली. आवाज मात्र घोगरा झाला आहे, हातभर अंतरावर विरून जातो. जिना चढताना तिला मध्येच बसावे लागते. ॲसिडची बाटली आता वरच्या मजल्यावर कुलपात असते. नणंद हल्ली प्रत्येक बंद दाराशी थांबते आणि विचारते, "आत आहेस का गं? काय टाकलंयस?" आतून उत्तर ऐकू येत नाही, म्हणून भावजय मगाने बादली वाजवते. कधी कधी बादली वाजायला उशीर होतो. तेवढ्यात नणंद दाराला खांदा लावते, आणि मी पिंपातून कान देते.

मित्रांनो, माझे झाकण घट्ट लावा. मला कोरड्या जागी ठेवा आणि ॲसिडच्या वाऱ्यालाही उभे करू नका. आणि मला कुठे टाकले आहे ते मागून येणाऱ्याला सांगा. भांडण झाले असले तरी सांगा. मला सांगता येत नाही.