नेलपॉलिशचा ठिपका लावलेली कप्पी

मी एक जुनी कप्पी आहे. मित्रांनो, लगेच विहिरीकडे बघू नका! मी मोटारीच्या इंजिनातली कप्पी. तळहातावर मावेन एवढी, गुळगुळीत, आणि आता पार कामातून गेलेली. माझं बोलणं जरा कडवट वाटेल. जिला थकल्यावरही कामाला जुंपलं, तिच्या तोंडून गोड बोलणं कुठून निघणार?

इंजिनात एक दातेरी रबरी पट्टा असतो, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. इंजिनाचे वरचे आणि खालचे भाग एकाच तालात फिरवणं हे त्याचं काम. तो सुटला तर आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं वाटोळं होतं. म्हणून मी त्याच्या पाठीला रेटून उभी राहते आणि त्याला ताणून धरते. कारखान्यात माझ्या पोटात ग्रीस भरलं आणि तोंड कायमचं बंद केलं. तेवढ्या शिदोरीवर जन्म काढायचा. ती संपली की कप्पी संपली. म्हणूनच पट्टा बदलताना कप्पीही बदलतात.

मला बसवलं ते दादांनी, म्हणजे गाडीच्या मालकांनी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते स्वतःच गाडी दुरुस्त करायचे. त्यांची बायको शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी असायची. दादांची एक सवय होती. नट-बोल्ट घट्ट केला की खूण म्हणून त्यावर ते बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचे. "अहो, नवी बाटली आहे ती! बोटांना लावायला काही ठेवाल की नाही?" ती ओरडायची. दादा हसून म्हणायचे, "तुझ्यापेक्षा गाडीला शोभून दिसतं." त्या दिवशी एक ठिपका माझ्याही वाट्याला आला. खरं सांगते, मी हुरळून गेले.

पुढची वर्षं मी निमूट फिरले. इंजिन सुरू झालं की मीही सुरू. "काय गुळगुळीत चालतेय!" असं लोक गाडीला म्हणत, आणि मी मनात म्हणे, त्यात माझाही वाटा आहे बरं का. दादांनी याच गाडीवर बायकोला चालवायला शिकवलं. मग दादा आजारी पडले, आणि गेले. त्यांचं घड्याळ बंद पडलं, रेडिओवर धूळ बसली, नट आवळायचे पाने पेटीत गंजले. गाडी मात्र ती रोज बाहेर काढायची. कामावर जायची, परत यायची, आणि शेडमध्ये इंजिन बंद करायच्या आधी थोडा वेळ तशीच बसून राहायची.

पट्टा जुना झाला तेव्हा दादांचा धाकटा भाऊ, तिचे भावजी, तो बदलायला आले. जाणता माणूस. नवा पट्टा आणि नवी कप्पी असा जोडच त्यांनी आणला होता. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, झाकण उघडलं. वहिनीने नेहमीसारखी बॅटरी धरली. उजेड नेमका माझ्यावर पडला, आणि तिला तो लाल ठिपका दिसला.

"भावजी, थांबा. ही ह्यांनी बसवलेली आहे ना?"

"हो वहिनी. पण आता हिचं काम झालं." भावजींनी मला बोटाने फिरवलं. माझ्या पोटात ग्रीस कुठलं, नुसती खरखर आली. "बघा, कोरडी पडलीय. नवी आणलीच आहे मी."

"फिरतेय की अजून. राहू द्या ना ती."

"वहिनी, अहो..."

"घरातलं ह्यांचं सगळं बंद पडलंय, भावजी. चालती अशी ही एकच गाडी उरलीय. तिच्यात तरी ह्यांचा हात लागलेलं काहीतरी फिरू दे."

भावजींनी नवी कप्पी हातात घेतली, बघितली, आणि पुन्हा खोक्यात ठेवली. मित्रांनो, मी जीव तोडून सांगत होते, अहो, ऐकू नका तिचं, फेका मला! पण कप्पीचं कोण ऐकतं? त्यांनी मला पुसलं आणि पुन्हा जागेवर घट्ट बसवलं. इंजिन सुरू झालं तेव्हा ती किती दिवसांनी हसली. भावजी काही हसले नाहीत.

नवा पट्टा तरणाबांड होता. त्याच्या ओढीपुढे माझा काय टिकाव लागणार? मी तापायला लागले, कण्हायला लागले. ती गाडीतल्या गाण्याचा आवाज वाढवायची. अखेर एका चढावर माझं फिरणंच थांबलं. पट्टा माझ्यावर घासून जळाला आणि तुटला. आत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली, म्हणून ती वाचली. इंजिन नाही वाचलं.

गॅरेजवाल्याने मला उचलून भावजींच्या नाकासमोर धरलं. "पट्टा नवाकोरा होता की हो! ही का नाही बदललीत?"

"राहून गेली माझ्याकडून," भावजी खाली बघत म्हणाले.

"खोटं बोलू नका, भावजी," ती म्हणाली. "मीच हट्ट केला. आणि तुम्ही ऐकायला नको होतं माझं."

"तुम्हाला नाही कसं म्हणायचं, वहिनी, तेच मला कळलं नाही."

पुढे भंगारवाल्याने गाडी ओढून नेली. ती फाटकापर्यंत मागे गेली आणि रस्ता रिकामा झाल्यावरही तिथेच उभी राहिली.

मला मात्र तिने ठेवून घेतलं. आता मी तिच्या कपाटात मऊ रुमालात असते. अधूनमधून ती मला काढते आणि बोटाने फिरवून बघते. मी फिरत नाही. मग ती मला मुठीत घट्ट धरून रडते. न फिरण्याची मला लाज वाटत नाही, पण तिच्यासाठी फार वाईट वाटतं. मुलांनो, कुणाची आठवण म्हणून एखादी वस्तू जपायची असेल तर खुशाल जपा. तिला पुसा, उराशी धरा. पण तिची ताकद संपली असेल तर तिला कामातून सोडवा, आणि कुणी जाणता माणूस तसं सांगत असेल तर रडत का होईना, त्याचं ऐका. वहिनीला माझ्यापेक्षा गाडी हवी होती. मी राहिले आणि गाडी गेली. उलटं व्हायला हवं होतं, मित्रांनो.