द्या इकडे!

वाचकहो, माणसाच्या हातून काम काढून घ्यायला फौजफाटा लागत नाही. "द्या इकडे!" एवढे दोन शब्द पुरतात. सुईत दोरा ओवत बसलेली आई, डब्याच्या झाकणाशी झटापट करणारी आजी, अर्जाच्या रकान्यात अडखळलेले वडील, सगळ्यांना आपण ते रोज ऐकवतो, आणि वर मदत केल्याचं पुण्यही पदरात पाडून घेतो. ही गोष्ट त्या दोन शब्दांची आहे. आणि ज्यांनी ते जन्मभर मोकळ्या हाताने वाटले, त्या साहेबांची.

साहेब एका रेडिओ केंद्राच्या ध्वनिसंग्रहाचे प्रमुख होते. वय चाळीस. हात स्थिर, आणि मतं त्याहून स्थिर.

संग्रहात पंचेचाळीसएक वर्षांच्या टेपा साठल्या होत्या. पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांचा डिंक केव्हाच सुटला होता, आणि जुन्या नोंदवह्या वाळवीने अथपासून इतिपर्यंत वाचून संपवल्या होत्या. त्या टेपा यंत्रावर चढवून त्यांच्या संगणकी फायली केल्या गेल्या. पण नावं ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक फाईलला नुसता आकडा मिळाला, तुरुंगात कैद्याला मिळतो तसा. आता एकेक फाईल ऐकायची, आवाज कोणाचा ते ओळखायचं, आणि ती योग्य फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची, एवढं काम उरलं होतं.

हे ओळखण्याचं काम करू शकेल असा माणूस एकच होता. कार्यालय त्यांना तोंडावर काका म्हणे आणि पाठीमागे कानसेन. तरुणपणी खांद्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र लटकावून काका गावोगाव फिरले होते. ते नुसत्या खोकल्यावरून वक्ता ओळखत. "हे भूगोलाचे मास्तर. वाक्य संपलं की जीभ टाळूला लावतात. आणि मागे खुर्ची करकरतेय ना? ती आपली दोन नंबरच्या स्टुडिओतली."

देवाने कान मात्र मन लावून घडवले आणि हातांकडे त्याचं दुर्लक्ष झालं. काकांचे हात थरथरत. डॉक्टर म्हणाले होते, धोका काही नाही, औषधही काही नाही.

संगणकाला हे कोणी सांगितलं नव्हतं. फाईल माऊसने दाबून धरायची आणि पडदाभर ओढत न्यायची. वाटेत काकांचं बोट क्षणभर सुटे, आणि फाईल जिथे असेल तिथे पडे. "मुलाखती" आणि "मुलांसाठी" ही फोल्डरं शेजारी-शेजारी होती. एके दिवशी मुलांच्या कार्यक्रमात गोष्टीऐवजी मूळव्याधीवर एका शल्यविशारदांची मुलाखत लागली. मुलांनी तक्रार केली नाही. तक्रार एका आजोबांची आली: मुलाखत मध्येच का तोडली?

अनेक फायली एकदम निवडायच्या तर त्याहून मजा. कंट्रोलची कळ दाबून एकेक फाईल टिपायची. टिपताना हात जरा सरकला की संगणक समजे, यांना नकला हव्या आहेत. लगेच सगळ्या फायलींना पिल्लं! एका कीर्तिवंत बासरीवादकाच्या अकरा प्रती निघाल्या.

साहेब काकांच्या खुर्चीमागे उभे राहू लागले. मागे कोणी उभं राहिलं की चांगल्या माणसाचाही हात कापतो. काकांच्या हाताने तर ताल धरला.

"काका, हलवू नका हो."

"मी कुठे हलवतोय साहेब? तो हलतोय."

"द्या इकडे!"

आणि साहेब वाकून माऊस घेत. एका झटक्यात फाईल जागेवर. काका हात मांडीवर ठेवून बसत. कोणाच्या तरी घरी जेवायला गेल्यासारखे.

एक गोष्ट मात्र साहेबांनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांचे वडील एका कारखान्यात लेथ चालवत. साहेब चार वर्षांचे असताना रेडिओवाले कारखान्यात आले आणि वडिलांचं पाच मिनिटांचं बोलणं टिपून घेऊन गेले. साहेब सहा वर्षांचे झाले तोवर वडील गेले. चेहरा फोटोत होता. आवाज कुठेच नव्हता. आई सांगायची, "ह्यांचा आवाज त्या रेडिओत असेल रे कुठेतरी." पुढे आईही गेली. साहेबांनी ही नोकरी का धरली असं कोणी विचारलं तर ते निवृत्तिवेतनाचं कारण देत. खरं कारण त्या आकड्यांच्या ढिगात होतं. पण साहेबाने कारकुनाला "माझे वडील शोधून द्या" कसं म्हणायचं? पदाला शोभत नाही.

एके दुपारी साहेब आले तेव्हा काकांनी एक नवं फोल्डर उघडलं होतं, नाव अजून द्यायचं होतं. एक फाईल तिकडे न्यायची त्यांची खटपट चालली होती. तेवढ्यात तिच्या तीन प्रतीही झाल्या होत्या. काकांचा चेहरा मात्र उजळला होता. कानांवरचा हेडफोन काढून त्यांनी पुढे धरला; तो हातात नुसता नाचत होता.

"साहेब, बरं झालं आलात. हे जरा ऐका."

"ऐकायचं नंतर. अर्धा तास एका फायलीशी कुस्ती खेळताय!"

"अहो, पण ही तुमच्या..."

"माझ्या डोक्याला ताप आहे, माहीत आहे मला. नाव काय या माणसाचं?"

"तेच सांगतोय. मला जरा बोलू..."

"म्हणजे माहीत नाही. माहीत नाही ते 'इतर'मध्ये. द्या इकडे!"

आणि साहेबांनी ती फाईल "इतर"मध्ये टाकली. एका झटक्यात, सरळ रेषेत, तसूभरही न थरथरता. तिन्ही प्रती पुसल्या. नवं फोल्डर पुसलं. कचरापेटीही रिकामी केली. स्वच्छतेची त्यांना पहिल्यापासून आवड.

पुढच्या सोमवारी काकांची बदली श्रोत्यांच्या पत्रांच्या टेबलावर झाली. तिथे पाकिटं फोडायची आणि छापील चौकोनात तारखेचा शिक्का मारायचा. थरथरत्या हाताच्या माणसाला चौकोनात शिक्का मारायला बसवण्याची ही कल्पना कोणाची, असं कार्यालयात कोणी विचारलं नाही. साहेबांची कल्पना आहे, हे दिसतच होतं.

काकांच्या जागी एक चटपटीत बाई आल्या. दिवसाला दोनशे फायली! आवाज ओळखू आला नाही की "इतर". त्यांची चूक नव्हती. त्यांना हलवायला नेमलं होतं, ओळखायला नाही. भिंतीवरचा तक्ता महिन्यामागून महिना चढत गेला. दीड वर्षाने काका निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "काकांचे कान ही या संस्थेची संपत्ती आहे," आणि त्यांना एक छत्री दिली.

आणखी दोन वर्षांनी केंद्राला पन्नास वर्षं झाली. वरून हुकूम आला: जुने आवाज काढा, आठवडाभर ऐकवू. साहेबांनी "इतर" उघडलं. आत एक हजार तीनशे चाळीस फायली होत्या. एकीलाही नाव नाही.

"यातलं कोण कोण आहे हे कोणाला कळेल?" त्यांनी विचारलं.

चटपटीत बाई म्हणाल्या, "काकांना. त्यांना आपण छत्री दिली ना?"

साहेब फायली संगणकाला जोडायच्या एका डबीत भरून काकांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीपाशी शिवणयंत्र, त्याच्या शेजारी संगणक. काका संगणकासमोर पाठमोरे बसले होते. हाक मारली तरी वळले नाहीत.

"त्यांना ऐकू येत नाही हो," काकू म्हणाल्या. काकूंनी तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं होतं. बोलणंही बेताच्या मापाचं, कुठे झोळ नाही. "गेल्या थंडीत ताप आला, त्यात दोन्ही कान गेले. आता पाटीवर लिहून बोलतो आम्ही."

साहेबांनी डबी परत खिशात घातली. हात होते तसेच राहिले आणि कान गेले!

काका वळले, आणि लहान मुलासारखे खूष झाले. "साहेब! या या!" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते ओरडले आणि स्वतः उठून पाण्याचा पेला घेऊन आले. पाणी हिंदकळत होतं. साहेबांचा हात सवयीने पुढे गेला. "द्या इक..."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "सांडलं तर पुसता येतं."

पेला आला. थोडं सांडलं. काकूंनी पुसलं. जगात दुसरं काही झालं नाही.

मग साहेबांचं लक्ष पडद्याकडे गेलं. काका घरचे फोटो लावत होते, आणि फायली निमूट जागेवर जात होत्या. प्रत्येक फायलीशेजारी एक छोटा चौकोन होता. काका त्यावर टिचकी मारत, बरोबरची खूण उमटे. पाच-सहा खुणा झाल्या की वरच्या कातरीच्या चित्रावर टिचकी. मग दुसरं फोल्डर उघडून "चिकटवा". ओढणं नाही, फरफट नाही.

"हे कोणी शिकवलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. पण कातरीचं चित्र दिसलं, म्हटलं ही आपली ओळखीची. थरथरत्या हाताने कापड ओढत नेलं तर चुण्या पडणारच. इथे कापा, तिथे जोडा. मग ते चौकोन सापडले. वरच्या 'दृश्य'च्या यादीत त्यांच्या नावापुढे एकदाच खूण केली, की येतात."

"किती वेळ लागला?"

"खूण करायला? अर्धं मिनिट."

अर्धं मिनिट! साहेबांना तो शिक्का आठवला, ते छापील चौकोन आठवले, दीड वर्ष आठवलं.

"ते सांगायचे घरी येऊन, आज परत काढून घेतलं म्हणून," काकू शांतपणे म्हणाल्या. "साहेब, माझ्या वर्गात वाकडी शिवण घालणाऱ्या मुली होत्याच की. मी त्यांच्या हातून कापड काढून घेतलं असतं तर शिवण सरळ आली असती. मुलगी मात्र घरी गेली असती. तुम्हाला फाईल हलवायची घाई होती. तुमच्यापाशी माणूस काय घेऊन बसलाय, हे बघायला कोणाला सवड होती?"

साहेबांनी पाटी घेतली आणि लिहिलं: माझं चुकलं. मग त्याखाली लिहिलं: त्या दुपारी तुम्ही मला काय ऐकवत होता?

काकांनी वाचलं.

"तुम्हाला अजून माहीत नाही?" ते म्हणाले. या वेळी आवाज आपोआप खाली आला होता. "अहो, तुमचे वडील होते ते. कारखान्यात मीच गेलो होतो यंत्र घेऊन. तुम्ही नोकरीवर आलात, पहिल्या दिवशी 'हं' म्हणून बोलायला सुरुवात केलीत, तेव्हाच मी ओळखलं, हा त्या लेथवाल्यांचा मुलगा. आधी 'हं', मग वाक्य. तीन वर्षं शोधत होतो. त्या दिवशी सापडले. त्यांच्या नावाचं फोल्डर करत होतो, तुम्हाला एकदम दाखवायचं म्हणून."

साहेबांनी पुन्हा पाटी घेतली. पेन्सिल हलत होती. अखेर वाकडं-तिकडं उमटलं: नंतर का नाही सांगितलंत?

"खुर्ची परत मिळावी म्हणून वडिलांना मध्ये घातलं, असं वाटलं असतं तुम्हाला. मग म्हटलं, साहेब विचारतील कधीतरी."

साहेबांनी विचारलं होतं. साडेतीन वर्षं आणि दोन कान उशिरा.

साहेब डबी परत घेऊन आले. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते हेडफोन लावून "इतर" ऐकू लागले. आठ महिने लागले. मागे कारखान्याची घरघर असलेल्या फायली निघाल्या अकरा. त्यांतली तीन माणसं बोलण्याआधी "हं" म्हणतात. तिघेही लेथविषयी बोलतात. नाव कोणीच सांगत नाही. त्या काळच्या कामगाराला वाटे, आपलं नाव कोणाला हवंय!

ओळख पटवणारी आई नाही. ओळखणारे कान नाहीत. आणि मुलाला बापाचा आवाज ओळखता येत नाही. साहेबांनी तीन चौकोनांत खुणा केल्या, कातर दाबली, नवं फोल्डर उघडून तिघांना तिथे ठेवलं. फोल्डरचं नाव "वडील". एक जरा चिडका आहे, एक मिस्कील आहे, एक फार सावकाश बोलतो. साहेब आळीपाळीने तिघांचंही ऐकतात. ज्या एकाचं ऐकायला हवं होतं, त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने गर्दीत ढकललं होतं.

आता त्या कार्यालयात प्रत्येक संगणकावर चौकोन दिसतात. चटपटीत बाईंच्या शेजारी अर्धांगातून उठलेले एक गृहस्थ बसतात. डाव्या हाताने एकेक खूण करतात. परवा साहेब त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. हात पुढे जायला निघालेच होते. सवय जात नाही. साहेबांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले, आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

"झालंच साहेब, दोन मिनिटं," ते गृहस्थ ओशाळून म्हणाले.

"हं," साहेब म्हणाले. "सावकाश. मी थांबतो."

वाचकहो, आपल्या घरातही कोणीतरी असेलच, ज्याचा हात कापतो. त्या हातात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. ते सांडेल, पडेल, भलत्या ठिकाणी जाईल, त्याला उपाय आहे, आणि बहुधा अर्ध्या मिनिटाचा आहे. पण आपण हिसकावून घेतलेलं परत जागेवर ठेवता येईलच, असं नाही. म्हणून पुढच्या वेळी "द्या इकडे" ओठांवर येईल, तेव्हा तेवढं गिळा. आणि थांबा.