तुमाराचं वजन

अतांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव मी सांगणार नाही; आमच्याकडे सून ते घेत नाही. किर्गिझस्तानात, इसिक-कुल सरोवराच्या काठी आमच्या गावात उजव्या हातावर गरुड घेऊन शिकारीला जाणारे ते शेवटचे, एवढं पुरे.

गेल्या शरदात तो हात एकाएकी खाली गेला. तुमारा, म्हणजे त्यांची गरुडीण, फडफडत जमिनीवर आली. दहा मिनिटांत हात पुन्हा ठणठणीत. अतांनी निदान केलं: पोरगी अंगाने सुटलीय. लगेच तिचं रोजचं खायचं मांस निम्म्यावर आलं. आठवड्याने घोड्यावर तेच झालं, शिवाय डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला. तो म्हणे बर्फाच्या चकाकीने. तिसऱ्यांदा चहाचा वाडगा हातून निसटला, तेव्हा खापर माझ्यावर फुटलं. काठोकाठ भरलास, म्हणाले, मला घालवायचंय का? आमच्याकडे काठोकाठ वाडगा म्हणजे पाहुण्याने आता उठावं. मी नेहमीसारखा अर्धाच भरला होता. राग आला, आणि भीतीही वाटली, कारण बोलताना त्यांची जीभ अडखळत होती.

इकडे तुमारा बिचारी उपाशी मरत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला डोळे झाकणारं कातडी टोपडं घातलं, शालीत गुंडाळलं आणि लोकर तोलायच्या काट्याला लटकवलं.

"अता, वसंतात ही साडेपाच किलो होती. आज पाचही भरत नाही."

"काटा बिघडलाय तुझा."

"असेल. मग वाडगा कशाने जड झाला?"

अता उठून टोपी शोधू लागले.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मानेवर यंत्र फिरवलं. म्हणाल्या, डावीकडची रक्तवाहिनी चरबीने बुजत आलीय. तिथला एखादा कण सुटून मेंदूच्या डाव्या बाजूत अडकतो, आणि उजवं अंग तीच बाजू चालवते, म्हणून उजवा हात पडतो. कण विरघळला की हात परत येतो. पुढचा विरघळला नाही, तर उजवं अंग कायमचं लुळं पडेल. एरवी सुईला घाबरणारे अता ऑपरेशनला तिथल्या तिथे तयार झाले. मेंढीच्या शेपटीची चरबी बंद, यावर मात्र दोन दिवस रुसले.

ऑपरेशन होऊन घरी आल्याबरोबर त्यांनी तुमाराला अख्खा ससा चारला. महिन्याभरात ती पुन्हा साडेपाच किलो भरली. त्या दिवशी त्यांनी तिला हातावर घेतलं. मी घड्याळ धरून समोर उभी. दहा मिनिटं झाली, वीस झाली. हात जागचा हलला नाही.

"काटा खरंच बिघडलाय, पोरी," अता म्हणाले. "केवढी हलकी आहे ही."