ज्लातकाचा कागद

रुमेनने मँचेस्टरमधल्या ट्रॅमच्या थांब्यावर लावलेला कागद तिसऱ्या सकाळीही नाहीसा झाला होता. खांबावर चिकटपट्टीचे दोन तुकडे तेवढे उरले होते. काढणाऱ्याने ओढाताण केली नव्हती, कोपरे नखाने सोडवले होते. रुमेनला ते काम ओळखीचं होतं. एकेकाळी अशी माणसं त्याच्या हाताखाली होती.

बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावाचा तो आठ वर्षं महापौर होता. तिकडे कुणी वारलं की फोटो, नाव आणि वय छापलेला कागद दारावर, झाडांवर, बसथांब्यावर लावतात. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्ष झालं की आणखी एक. येणारे-जाणारे थांबून वाचतात. रुमेन मूळचा पदार्थविज्ञानाचा मास्तर, त्याला गाव स्वच्छ हवं होतं. त्याने आठवडाभरात सगळे कागद काढायला लावले आणि नगरपालिकेच्या मागे त्यांच्यासाठी एक फलक उभारून दिला. एक म्हातारी नवऱ्याचा फाटलेला कागद घेऊन कचेरीत आली. त्या फलकाकडे कोण फिरकतं, असं तिने विचारलं. त्याने तिला नियम वाचून दाखवला. पुढच्या निवडणुकीत तो एकसष्ट मतांनी पडला. नंतर रस्त्यात त्याच्याशी बोलायला कुणी थांबेना.

बल्गेरिया युरोपीय संघात आला त्या वर्षी मुलीने दोघांना मँचेस्टरला बोलावून घेतलं. वर्षभरात ज्लातका, त्याची बायको, वारली. मुलगी नोकरीसाठी एडिनबराला गेली. ज्लातकाला इथेच पुरलेलं, म्हणून तो राहिला. येत्या गुरुवारी वर्ष होणार होतं. त्या दिवशी तिचं नाव कुणीतरी थांबून वाचावं, एवढंच त्याला हवं होतं.

चौथी प्रत घेऊन तो निघाला, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधली अलका जिन्यात भेटली. ती मूळची नागपूरची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. दोन वर्षांत त्यांचं बोलणं गुड मॉर्निंगच्या पुढे गेलं नव्हतं. कागद कसला, असं तिने विचारलं आणि रुमेनने सगळं सांगून टाकलं, म्हातारीचंसुद्धा. किल्ली हातात धरून तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमच्या दारावर लावा की," ती म्हणाली.

"इथे वाचायला कोण येतंय?"

"मी जाते ना समोरून. रोज साडेसहाला." मग जिना उतरता उतरता म्हणाली, "आणि इथे काढायला कुणी महापौरही नाही."

कितीतरी दिवसांनी रुमेनला हसू आलं.

गुरुवारी सव्वासहापासून तो दारातल्या भिंगाला डोळा लावून उभा होता. अलका बाहेर आली, कुलूप लावलं, डब्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याच्या दारासमोर येऊन थांबली. कागदावरच्या बल्गेरियन लिपीतलं एक अक्षरही तिला येत नव्हतं. तरी तिची नजर डावीकडून उजवीकडे ओळीओळीने सरकत गेली, अगदी खालच्या तारखेपर्यंत. मग ती जिन्याने उतरून गेली.

रुमेन दाराला कपाळ टेकून तसाच उभा राहिला. म्हातारीने तो फाटलेला कागद टेबलावर त्याच्यापुढेच ठेवला होता. त्यावरचं नाव त्याने वाचलं नव्हतं.