गाव मोकळं होईपर्यंत

बायडाबाईच्या छातीत गाठ होती, आणि ती आहे एवढं घरात सांगायलाच तिला सबंध पावसाळा लागला. नवऱ्याला सांगावं तर लाज, सासूला सांगावं तर ती एरंडाची पानं शेकायला देणार. शेवटी सांगितलंच, आणि सासूनं पानं दिलीही. पानं संपली, गाठ जागची हलली नाही. मग नवऱ्यानं, रंगनाथनं, तिला पाथर्डीहून एसटीत घालून नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरानं आडपडदा ठेवला नाही. "हा कॅन्सर आहे. आत्ता कापून काढला तर बाई जगेल. काखेत उतरला तर माझ्या हातात काही नाही." आणि त्यानं दसऱ्यानंतरचा सोमवार दिला.

कॅन्सर हा शब्द दोघांनाही धड उच्चारता येत नव्हता, पण 'जगेल' हा शब्द बायडाबाईला नीट कळला. घरी गोरक्ष होता, नवसानं झालेला एकुलता एक, अजून आईच्या हातानं जेवणारा. त्याच्यासाठी तिला जगायचं होतं. परतीच्या वाटेवर तिनं एसटीत बसूनच त्याच्यासाठी रेवड्या घेतल्या.

दसरा झाला आणि गोरक्षाला ताप भरला. मग तोंडावर फोड उठले, मग अंगभर.

एकाहत्तर सालची गोष्ट. तालुक्यात देवीची साथ होती. सरकारी टोचणारा उन्हाळ्यातच गावात येऊन गेला होता. तेव्हा गावानं पोरं कडब्याच्या गंजीआड दडवली होती आणि त्याला गोड चहा पाजून वाटेला लावलं होतं. केवढी ती हुशारी! सरकारला फसवलं म्हणून पारावर चार दिवस हशा चालला होता.

सासूनं, साळूबाईनं, दाराला लिंबाचा डहाळा बांधला. फोडणी बंद, दाढी बंद. विळी आणि सुरी फडक्यात गुंडाळून फडताळात गेली, भाजी हातानं मोडायची. देवी म्हणजे आई, ती पाहुणी म्हणून घरात आलेली, तिच्यासमोर धारेचं काही चालवायचं नाही, रक्त काढायचं नाही. नाहीतर ती रुसते आणि जाताना लेकरू घेऊन जाते. हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम.

"सोमवारचं काय?" रंगनाथनं दबकत विचारलं.

"काय म्हंजी?" साळूबाई कडाडली. "लेकराच्या अंगावर आई हाय, आन त्याच्या मायनं अंगाला सुरी लावून घ्यायची?"

सासूनं नुसती सक्ती केली असती तर बायडाबाई भांडली असती. पण सक्तीची गरजच पडली नाही. नेम तिच्याही हाडीमाशी मुरलेला होता. "न्हाई जायाचं," ती स्वतःच म्हणाली. "माझं काय बी होऊ दे." सोमवारी ती पोराच्या उशाशी बसून लिंबाच्या डहाळीनं वारा घालत राहिली.

गोरक्ष वाचला. तोंडाची चाळण झाली, पण डोळे शाबूत राहिले. पोराला न्हाऊ घातलं त्या दिवशी बायडाबाई देवापुढं ढसाढसा रडली आणि उठून नवऱ्याला म्हणाली, "आता नगरला चला."

रंगनाथनं पायताणात पाय घातला नव्हता तोच शेजारची लंकाबाई दारात आली. बायडाबाईची ही जिवाभावाची मैत्रीण. तिची चिमणी पोर आदल्या दिवसापासून फोडांनी भरली होती.

"बायडे, तुझं वाचलं," ती पदर पसरून म्हणाली. "माझी पडलीया. आई आता गावात हाय. गाव मोकळं होईस्तवर अंगाला सुरी लावू नगंस गं. माझी पोर जाईल."

आपलं वाचलं, आता दुसऱ्याचं मरू दे, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? बायडाबाईनं नगरला न्यायची पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. रंगनाथला हायसं वाटलं हे तिला दिसलं, आणि त्याचा तिला मनस्वी राग आला.

लंकाबाईची पोर तरीही गेली. सुरी न लावता गेली. साथ मग एका आळीतून दुसऱ्या आळीत फिरत राहिली. दिवाळी बिनफोडणीची झाली. गाठ आता हात वर केला की ओढायला लागली. बायडाबाईनं विषय काढला की घरात एकच उत्तर मिळे, "गाव मोकळं होऊ दे." गाव काही मोकळं होईना.

मग ऊसतोडीचा मुकादम मच्छिंद्र आला. श्रीगोंद्याकडचा ऊस तयार होता, बैलगाड्या परवा निघायला हव्या होत्या.

आणि काय चमत्कार! दोन घरांत पोरं अजून फणफणत असताना गावानं त्याच दुपारी आईची बोळवण केली. दहीभात, हिरव्या बांगड्या, खण, हलगी, सगळं वाजतगाजत शिवेबाहेर. संध्याकाळी न्हावी दाढ्या करायला बसला आणि लोहाराच्या भात्यावर कोयत्यांना धार लावायला रांग लागली. त्या रांगेत रंगनाथही होता.

"माझ्यासाठनं आई जात नव्हती," बायडाबाई म्हणाली. "मुकादम आला की बरी गेली."

"फड संपला की जाऊ नगरला," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

ती थांबली नाही. पहाटेची एसटी तिनं एकटीनं धरली. फाट्यावर लंकाबाई आधीच येऊन उभी होती. दोघी नगरला पोचल्या. डॉक्टरानं बायडाबाईची काख चाचपली आणि हात मागं घेतला. "आता कापून उपयोग नाही. बाई, इतके दिवस कुठं होता?"

लंकाबाई भिंतीला टेकून रडायला लागली. बायडाबाईला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. तिची मेलेली पोर आठवूनही आली नाही.

घरी आल्या तेव्हा दारात गाडी भरत होती. भांडी, पटकुरं, वर कोयते. साळूबाई लगबगीनं पुढं आली. "काय म्हनला डाक्टर?"

"सुरी लावायची न्हाई म्हनला."

म्हातारीनं दोन्ही हात कपाळाला लावले. "बघ! आईनं राखलं. मी म्हनलं नव्हतं?"

"काखंत उतरली, आत्याबाई. आता कापून उपेग न्हाई, म्हून लावायची न्हाई."

साळूबाईचे हात कपाळाशीच राहिले. रंगनाथ जुवाची दोरी आवळत होता, तो थांबला. त्याचा चेहरा खरोखर उतरला. त्यानं रस्त्यावर उभ्या मुकादमाच्या गाडीकडं एकदा पाहिलं.

"मंग..." तो चाचरत म्हणाला, "फडावर यायला जमंल न्हवं? एकट्या गड्याला मच्छिंद्र घेत न्हाई. जोडीच लागती."

बायडाबाईनं गाडीवरचं आपलं गाठोडं ओढून खाली घेतलं आणि गोरक्षाचं बोट धरलं.

"पुढल्या साली तर लागंलच की," ती म्हणाली. "यंदाच दुसरी हुडका."